भूत दारात, भांडण घरात: वऱ्हाडी भय-विनोदी शॉर्ट फिल्मची बांधणी

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं, आठ-दहा जणांची टीम, एक साधा मिररलेस कॅमेरा, दोन मोबाईल, चार एलईडी दिवे आणि एक जुना वाडा. विषय न पटलेल्या संसारांचा. तीन जोडपी, वारलेल्या पहिल्या बायकोचं एक भूत, शेवटी मांत्रिक, पंधरा मिनिटं. संहिता वाचली तेव्हा सगळे हसले. चाचणी म्हणून दोन प्रसंग चित्रित केले, तर ते पाहून कोणी हसलंही नाही आणि घाबरलंही नाही. चुकतंय कुठे?

बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी असते. भूत दिसलं की पात्रं भांडण सोडून भुताकडे वळतात, किंचाळतात, पळतात आणि पळता पळता एखादा विनोद करतात. तिथे भीती मोडते, कारण घाबरलेला माणूस कोट्या करत नाही. विनोदही मोडतो, कारण ज्या भांडणावर लोक हसत होते तेच संपलेलं असतं. म्हणून संहिता पुन्हा लिहायला घ्याल तेव्हा एवढं धरून ठेवा: भूत समोर उभं असताना भांडण चालू राहिलं तर हसू येतं, आणि भांडण थांबलं तर भीती वाटते. कॅमेरा, दिवे, आवाज, संकलन यांतला प्रत्येक निर्णय भांडण चालू-बंद करणाऱ्या या एका कळीवर, म्हणजे बटणावर, घ्या. प्रत्येक पानाच्या समासात लिहून ठेवा, इथे भांडण चालू, इथे बंद. अख्ख्या फिल्ममध्ये 'बंद' तीनदाच यावं, फार तर चारदा. जास्त वेळा आलं की त्याची सवय होते.

तीन जोडप्यांचा मोह सोडा. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट. पंधरा मिनिटांत तीन जोडपी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं, आणि भीती साठायलाच तीन-चार मिनिटं जातात. एक जोडपं मुख्य ठेवा, त्याच घरात म्हातारा-म्हातारी दुय्यम ठेवा, तिसरं काढून टाका. म्हातारा-म्हातारी फार उपयोगी पडतात. पन्नास वर्षं एकमेकांशी धड न बोललेली माणसं भुताला घाबरत नाहीत, आणि त्यांचं न घाबरणं हाच मोठा विनोद असतो. लांबी अकरा-बारा मिनिटांवर आणा.

प्रेक्षक पहिल्या दोन मिनिटांत एक गोष्ट विचारणारच: पटत नाही तर काडीमोड का नाही घेत? याचं ठोस उत्तर संहितेत हवं. सातबारा दोघांच्या नावावर आहे, पोरीची सोयरीक ठरली आहे, किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत घरातले दोन हात कमी झालेले परवडत नाहीत. एक कारण निवडा आणि एकाच वाक्यात सांगा. हे कारण नसेल तर पुढचं सगळं भांडण पोकळ वाटतं.

रात्रीचंही कारण हवं. तुमच्याकडे ते आयतं आहे. शेतीची लाइन बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या पाळीनं रात्री येते, आणि हरभऱ्याला किंवा गव्हाला ओलित करायला माणूस मध्यरात्री वावरात जातो. नवरा बॅटरी घेऊन निघतो, बायको म्हणते रोजच बरी लाइन येते. संशय, थंडी, अंधार आणि एकटेपणा हे सगळं एका वाक्यात येतं. यापेक्षा चांगली सुरुवात शोधत बसू नका.

आता भूत. पांढरं लुगडं आणि मोकळे केस नकोत. ते रूप हजारदा पाहून झालंय, शिवाय चुन्यानं पोतलेल्या भिंतीपुढे पांढरं लुगडं कॅमेऱ्यात विरघळून जातं. तुमच्या संहितेत वारलेली पहिली बायको आहे, म्हणजे ती सवाष्ण गेलेली आहे. तिला शेवटची पाठवणी मिळते तशीच दाखवा: हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, पायात जोडवी. प्रेक्षकांतल्या प्रत्येक बाईला हे रूप ओळखीचं असतं, म्हणून ते पोटात शिरतं. बऱ्याच घरांत पहिलीच्या नावाचा टाक, म्हणजे धातूची छोटी प्रतिमा, देवघरात ठेवायची किंवा दुसरीनं गळ्यात घालायची रीत होती. सवतीची पूजा रोज सकाळी दुसरीनं करायची, एवढ्यातच अख्खी फिल्म आहे. देवघरातला टाक पालथा पडलेला दिसणं हा तुमचा पहिला इशारा होऊ शकतो, आणि तो दाखवायला एक रुपया लागत नाही. गावात ही रीत नेमकी कशी पाळत ते वयस्क बायांना विचारून घ्या. घराघरात फरक असतो, आणि चुकीचा तपशील गावातला प्रेक्षक लगेच पकडतो.

दुसरी आयती गोष्ट म्हणजे नाव. जुन्या वळणाच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही; 'अवं', 'ऐकता का', नाहीतर पोराचं नाव लावून 'अमक्याचे बाबा'. शिवाय रात्री कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे लहानपणापासून कानावर असतं. मेलेल्या बायकोवर नाव न घेण्याचं बंधन उरलेलं नाही. ती परसातून शांतपणे म्हणते, 'गणपत.' ओरडणं नाही, घोगरा आवाज नाही, प्रतिध्वनी नाही. स्वयंपाकघरातून दुसरी विचारते, 'तुमाले नावानं कोन बलावते एवढ्या रातच्यानं?' नवरा भुताला घाबरला आहे आणि बायकोलाही. भीती आणि विनोद एकाच क्षणात बसले.

संवाद कसे ठेवायचे, हे एका तुकड्यावर दाखवतो. ताटावर बसलेला नवरा, चुलीपुढे बायको, दारात पहिली.

'मीठ कमी हाये.'
'डबा तुमच्या मांगंच हाये. घ्या ना वरून.'
'मांगं डबा नाही. मांगं ते उभी हाये.'
'कोन?'
'पयली.'
'मंग तिलेच मागा मीठ.'

चौकटीत एक हात येतो, मिठाचा डबा पुढे करतो, बायको न बघता घेते, चिमूटभर मीठ टाकते आणि डबा परत देते. इथपर्यंत हसू. मग डबा परत देताना तिच्या बोटांना तो थंड चुडा लागतो. तिचं बोलणं अर्ध्या शब्दावर थांबतं. ही कळ बंद झाली. पुढचे चार-पाच सेकंद काहीही करू नका.

बोलीबद्दल दोन गोष्टी. यवतमाळची वऱ्हाडी आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीची झाडीबोली वेगळ्या आहेत. नट पूर्वेकडचे आणलेत तर पात्रांची सोयरीक तिकडची दाखवा, पण एकाच घरात दोन बोली विनाकारण मिसळू नका. आणि प्रत्येक वाक्यात 'काहून' आणि 'बाप्पा' पेरले की माणसं नकलेसारखी बोलू लागतात. 'मले-तुले', 'डोया-काया' आणि 'येजो-करजो' यांनी चव येते, बाकी वाक्य साधं राहू द्या.

उखाणा वापरणार असाल तर तो मंत्रासारखा वापरा. भुताची एकच अट: दुसरीनं खरा उखाणा घ्यावा, गोड नको. 'बंडीले बैल दोन, एक वढे, एक बसे. गणपतरावाच्या संसाराले गाव सारं हसे.' मंगल प्रसंगाचं वळण ठेवून त्यात खरं बोलणं घातलं की प्रेक्षक हसतो आणि लगेच गप्पही होतो.

काही सीमा ठाम पाळा. पहिली बायको नवऱ्याच्या मारानं, जाळून, फाशीनं किंवा विहिरीत जीव देऊन गेलेली नसावी. तसं असेल तर कोणी हसणार नाही, आणि हसूही नये. ताप, सर्पदंश अशी कारणं ठेवा. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याचं भूत या प्रकारात आणू नका. त्या घरातली माणसं तुमच्या प्रेक्षकांत बसलेली असतील. मारहाण हा विनोद नाही, भांडण शब्दांतच ठेवा. मांत्रिक दाखवायचा असेल तर बाईला झोडपून भूत उतरवणारा दाखवू नका. पूर्व विदर्भात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांचे जीव गेले आहेत, आणि २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा कृत्यांना आणि त्यांच्या प्रचाराला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. मांत्रिक हवाच असेल तर तो लबाड असावा आणि खरं भूत पाहून सगळ्यात आधी घाबरणारा असावा.

चित्रीकरणात वर सांगितलेली कळ अशी उतरते: भांडण चालू असेल तेव्हा रुंद चौकट, आणि भांडतं जोडपं व भूत तिघं एकाच चौकटीत, मध्ये काप (कट) नाही. हसू त्या तिघांच्या अंतरात असतं. तुम्ही बायकोचा क्लोजअप, मग भुताचा क्लोजअप असं कापलंत की दोघी एका खोलीत आहेत हेच विसरायला होतं. तुमच्या चाचणीत हेच झालं असावं. भांडण थांबलं की मगच क्लोजअप. मोबाईलच्या मुख्य लेन्सची चौकट साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते, ती या रुंद शॉटला छान चालते. रात्री अल्ट्रावाइड लेन्स वापरू नका, तिचा सेन्सर लहान असतो आणि चित्रात दाणे येतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. हलता कॅमेरा पूर्ण फिल्ममध्ये एकदाच वापरा, शेवटच्या 'बंद'ला.

सेटिंग: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, मोबाईल मात्र बहुधा ३० फ्रेमवर ठेवलेला असतो. मग स्वस्त एलईडी बल्ब चित्रात फडफडतात. ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप घेतलं तर शटर, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स आणि फोकस चारही लॉक करता येतात. लॉक केलं नाही तर हिरवं लुगडं चौकटीत आलं की सगळा रंग बदलतो. मोबाईलचा आयएसओ ८०० च्या वर नेऊ नका, मिररलेसचा १६०० पर्यंत चालेल, नवा असेल तर ३२००. अंधारात शूट करून नंतर उजळवायचं, हा विचार मोडून काढा. दिवा पुरेसा लावा, आणि अंधार भिंतीवर ठेवा.

भिंती ही खरी अडचण. चुन्याची किंवा निळ्या डिस्टेंपरची भिंत उजेड सगळीकडे फेकते आणि खोली सपाट दिसते. पात्रं भिंतीपासून सहा-आठ फूट पुढे बसवा आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर काळं घोंगडं टांगा. उजेडाचं एक कारण चौकटीत दिसू द्या: चुलीचा जाळ, कंदील किंवा छताला लोंबणारा एक बल्ब. कंदिलात रॉकेलऐवजी चार्जिंगचा छोटा पिवळा बल्ब बसवा. काच आतून थोडी काजळी लावून मळवली की फरक कळत नाही. बाहेरच्या रात्रीसाठी शंभर-दोनशे वॅटचा ५६०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) एलईडी शेजारच्या गच्चीवर, वीस-पंचवीस फुटांवर ठेवा, कॅमेरा ४००० केल्व्हिनवर लॉक करा. चांदणं हलकं निळं येईल आणि कंदील पिवळा राहील. दिवा जवळ आणू नका, जवळच्या दिव्याचा उजेड दोन पावलांत कमी-जास्त होतो आणि चांदण्याचा भास मोडतो. गावाचं आणि आकाशाचं एखादं रुंद दृश्य हवं असेल तर दिवेलागणीनंतरची पंधरा-वीस मिनिटंच कामाची, त्यासाठी चारपासून तयारीत राहा.

वावरातले पंप एकदम सुरू झाले की घरातला व्होल्टेज पडतो. दिवा मंदावणं दिसायला चांगलं, पण ते तुमच्या हातात नसतं आणि दुसऱ्या टेकला जुळत नाही. तुमचे दिवे बॅटरीवर किंवा छोट्या जनरेटरवर चालवा. जनरेटर घराच्या मागे शंभर फुटांवर, मध्ये भिंत किंवा गोठा येईल असा.

आवाजावर चित्राइतकाच, खरं तर जास्त वेळ द्या. तुमच्या फिल्ममध्ये भीती कानातून येणार आहे. रातकिड्यांचा आवाज अखंड चालू, आणि भांडण थांबतं त्याच क्षणी रातकिडेही थांबतात; कळ 'बंद' झाल्याची ही ऐकू येणारी खूण. पण डिसेंबरच्या थंडीत रातकिडे फार ओरडत नाहीत. त्यांचा आवाज ऑक्टोबरमध्येच, लाइन नसेल तेव्हा, गावाबाहेर सलग दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. शूटिंगच्या प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून साठ सेकंदांची शांतता घ्या. ती नसेल तर संकलनात संवादांमधल्या फटी उघड्या पडतात.

काचेचा चुडा सुंदर वाजतो आणि संवाद खाऊन टाकतो. संवादाच्या टेकला दुसरीच्या बांगड्या आतून पारदर्शक टेपनं एकमेकींना चिकटवा. बांगडीचा आवाज वेगळा, माईक एका फुटावर धरून घ्या. संपूर्ण फिल्ममध्ये मोकळा चुडा फक्त पहिलीचाच वाजावा. तिसऱ्यांदा तो आवाज आला की ती न दिसताही प्रेक्षक ताठ बसतो. कॉलर माईक पदराखाली लावला तर खळ लावलेलं सुती लुगडं खसखसतं, म्हणून माईकला टेपची छोटी घडी करून पोलक्याच्या काठाला आतून चिकटवा. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माईक, असेल तर तोच वापरा, तोंडापासून दीड-दोन फुटांवर. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची उंची उणे १२ डेसिबलच्या आसपास. किंचाळीच्या टेकला पातळी आधीच खाली आणा, फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. शूटिंगच्या रात्री गावात लग्न, सप्ताह किंवा भजन आहे का, हे आठवडाभर आधी विचारून घ्या.

नट पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे मिळाले तर उत्तम. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत त्यांचा हंगाम असतो आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातली मंडळी त्या काळात रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात उभी असतात, त्यामुळे तारखा हंगामाआधीच ठरवा. त्यांची दोन वळणं कॅमेऱ्यापुढे बदलावी लागतात. मंडपाच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत आवाज पोचवायची सवय असल्यामुळे ते मोठ्यानं बोलतात. तालीम समोरासमोर तीन फुटांवर बसवून घ्या, आवाज आपोआप उतरतो. दुसरं, ते वाक्यानंतर हशासाठी थांबतात. रंगमंचावर ती मोठी कला आहे, पण शूटिंगला हशा येत नाही आणि मध्येच पोकळी राहते. तोच प्रसंग एकदा त्यांच्या पद्धतीनं आणि एकदा न थांबता घ्या, संकलनात दोन्ही लागतात. गावातल्या म्हाताऱ्यांना घेणार असाल तर त्यांच्या हाताला काम द्या. वाती वळणं, तांदूळ निवडणं, सुपारी कातरणं; हात कामात असले की बोलणं खरं येतं.

मेकअप थोडाच. चेहऱ्यावर करड्या रंगाचा हलका हात, डोळ्यांखाली बोटानं पसरलेलं काजळ, मळवट पाण्यात कालवायच्या मेकअपच्या रंगाचा. खरं कुंकू तासन्तास कपाळावर राहिलं तर खाज येते आणि घामानं डोळ्यांत उतरतं. पांढऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स नकोत, धुळीच्या घरात डोळ्याला इजा होते. रक्त या कथेला लागत नाही.

सगळ्यात गंभीर बाब: नोव्हेंबर ते जानेवारी वाड्यातल्या एखाद्या खोलीत कापूस भरलेला असतो, आणि मागे कुटाराचा, म्हणजे वाळल्या भुशाचा, ढीग. एक ठिणगी पुरते. ज्या घरात कापूस आहे तिथे उघडा जाळ, धूप, गोवऱ्यांचा धूर काहीही करू नका. चुलीचा प्रसंग कापूस नसलेल्या घरी घ्या. धूर हवाच असेल तर दहा बाय बाराच्या खोलीत घमेल्यातल्या दोन ओल्या गोवऱ्या दोन मिनिटं पुरतात, मग घमेलं बाहेर, आणि दारात रेतीच्या दोन बादल्या. परसातल्या विहिरीवर फळ्या टाका, रात्री मागे सरकणारा कॅमेरामन विहीर विसरतो. गोठ्यात बॅटरी मारल्याशिवाय पाय टाकू नका. रात्रीच्या शूटिंगची चिठ्ठी ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी द्या, नाहीतर मळवट भरलेली बाई रात्री दोनला रस्त्यावर दिसल्यावर गावात खरी घबराट होते.

वेळापत्रक चार रात्रींचं धरा, रात्रीला बारा शॉट. हिवाळ्यात साडेसहा ते पहाटे साडेपाचपर्यंत अंधार मिळतो, पण दोननंतर नटांची विनोदाची वेळ चुकायला लागते. विनोदाचे प्रसंग अकराच्या आत उरका, भीतीचे नंतर घ्या. थकलेला चेहरा भीतीला चालतो.

संकलनात ढोबळ मापं अशी: हशाच्या जागी रुंद शॉट दीड-दोन सेकंद जास्त धरा. दचक्याच्या जागी प्रेक्षकाच्या अपेक्षेपेक्षा चार-पाच फ्रेम आधी कापा, आणि आवाजाचा ठोका चित्राच्या त्याच फ्रेमवर ठेवा. दोन फ्रेम उशीर झाला तरी दचका जातो. मोठा दचका एकच ठेवा. पार्श्वसंगीत भांडणाखाली अजिबात नको. भीतीसाठी खर्जातली घरघर वापरणार असाल तर लक्षात ठेवा, मोबाईलच्या स्पीकरमधून दीडशे-दोनशे हर्ट्झखालचं जवळपास ऐकूच येत नाही. त्या घरघरीत मधल्या पट्टीतलं काहीतरी मिसळा, जात्याची घरघर किंवा पाळण्याच्या कडीची करकर.

शेवट तुमच्या संहितेत मांत्रिकाचा आहे, तो बदला. वेगळा सुचवतो. पहिली आणि दुसरी चुलीपुढे बसून नवऱ्याच्या सवयींवर बोलतात: घोरणं, ताटात हात धुणं, बाजारचे पैसे लपवणं. दोघी हसतात. आजवर घरात या माणसाचाच आवाज होता, आता तो दारात ताट घेऊन गप्प उभा आहे. भांडण थांबलेलं आहे, रातकिडेही थांबलेत, म्हणजे तुमच्याच नियमानं हा भीतीचा क्षण आहे. पण घाबरलेला फक्त तो आहे. पहिली त्याच्याकडे न बघता म्हणते, 'गणपत, मीठ दे.' काळी चौकट, आणि त्यावर मोकळ्या चुड्याचा आवाज.

पहिला पूर्ण काप झाला की तो टीमला दाखवू नका. गावातल्या पाच-सहा बायांना आणि तेवढ्याच पुरुषांना वेगवेगळं बसवून, साध्या मोबाईलवर, दिवसाच्या उजेडात दाखवा. दुसरा मोबाईल त्यांच्या चेहऱ्यांकडे लावून ठेवा आणि नंतर दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. बाया जिथे हसल्या आणि पुरुष गप्प राहिले, त्या जागांना हात लावू नका. दोन्हीकडे चेहरे खाली गेले, त्या जागा कापा. अंधारात काहीच दिसत नाही अशी तक्रार आली तर सावल्या थोड्या उचला, आणि मगच आवाजाचं शेवटचं मिश्रण करा.